एकदाच विचारतात

युरोपातल्या टिलबर्गच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा साताऱ्यात आमच्या घरी पेढे वाटले. राहायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सुचलं नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहाची यादी केव्हाच भरली होती. तिकडे गेलं की मिळेल एखादी खोली, त्यात काय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सगळे म्हणजे जे कधीच तिकडे गेले नव्हते ते.

म्हणून मी उतरले ती विमानतळाजवळच्या हूफडॉर्पला, बाबांच्या एका मित्राच्या मुलाकडे. ते तिथे आयटीत होते. मी त्यांना दादा म्हणायचे, त्यांच्या बायकोला वहिनी. त्या दोघांना त्याआधी मी एका लग्नात पाहिलं होतं, तेही पंगतीत समोर बसलेले. पण विमानतळावर दादा घ्यायला आले आणि घरी वहिनींनी वरणभात करून ठेवला होता. जेवताना म्हणाल्या, "हवं तितके दिवस राहा गं, घर तुझंच आहे." हवं तितके दिवस म्हणजे साधारण एक आठवडा, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. शिवाय पुढच्या रविवारी वहिनींचे आईवडील नाशिकहून तीन महिन्यांसाठी येणार होते आणि मी झोपत होते ती खोली त्यांची होती.

हूफडॉर्पहून टिलबर्गला जायला दोनदा गाडी बदलून जवळपास दोन तास लागतात. जायचे दोन, यायचे दोन. सकाळी सहाला उठायचं, कुणाची झोप मोडू नये म्हणून अंधारातच दात घासायचे, बाथरूमचं दार हळू लावायचं आणि निघायचं. वर्गात पोचेपर्यंत माझा दिवस संपलेला असायचा. पहिल्या आठवड्यात युरोपात काय पाहिलंस असं मैत्रिणी विचारायच्या. काय सांगणार, कपाळ. गाडीच्या खिडकीतून गाई पाहिल्या. बऱ्याच पाहिल्या.

पण खरा शीण प्रवासाचा नव्हता. पाहुणी म्हणून राहण्याचा होता. कप रिकामा झाला की दुसऱ्या कुणी उचलायच्या आत आपण धुवायचा. भूक लागली तरी फ्रीज उघडायचा नाही. दादा कामाच्या मीटिंगमध्ये असले की घरात मांजरीच्या पावलांनी फिरायचं, आणि पडून राहावंसं वाटलं तरी त्यांच्या मुलीशी पत्ते खेळायचे. ती सहा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. चौथ्या दिवशी जेवताना तिने माझ्याकडे बोट करून आईला इंग्रजीत विचारलं, ही घरी कधी जाणार? वहिनींचा चेहरा लाल झाला. असं विचारू नये, असं त्या तिला बजावत राहिल्या आणि मी उगाच मोठ्याने हसले. मला ती पोर तेव्हा त्या घरातली सगळ्यात शहाणी वाटली. इतकी दमले होते की तिने मला पत्ता दिला असता तर मी उठून निघालेही असते.

पत्ता हेच तर सगळं दुखणं होतं. तिथे खमेन्तेत, म्हणजे नगरपालिकेत, आपण कुठे राहतो याची नोंद करावी लागते. नोंद झाली की एक नंबर मिळतो, आणि तो नंबर नसेल तर बँकेत खातं नाही, डॉक्टर नाही, कुठे चार तास काम करायची सोय नाही. दादांच्या भाडेकरारात तिसऱ्या मोठ्या माणसाची नोंद चालत नव्हती. त्यांनी घरमालकाला विचारूनही पाहिलं बिचाऱ्यांनी. त्यामुळे मला नुसती खोली नको होती, नोंद करू देणारी खोली हवी होती, टिलबर्गमध्ये, आणि रविवारच्या आत.

बुधवारी एका घरातून बोलावणं आलं. तिकडे विद्यार्थ्यांच्या घरांत एक पद्धत आहे. खोली रिकामी झाली की घरमालक नाही, घरात राहणारी मुलंच नवा माणूस निवडतात. एका संध्याकाळी पाच-सात उमेदवारांना घरी बोलवायचं, गप्पा मारायच्या, आणि सगळे गेले की आपसांत ठरवायचं. मी आयुष्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम करणार नाही असं आईला ठणकावून सांगून आले होते. इथे मी केस विंचरून, बरा कुर्ता घालून, सात जणांच्या रांगेत सोफ्यावर बसले होते.

सहा वाजले आणि ती मुलं जेवायला बसली. पास्त्याचं मोठं पातेलं टेबलावर आलं. एका मुलीने हातात ताटली घेऊन मला विचारलं, तू खाणार? मी दुपारी एक केळं खाल्लं होतं, त्यावर काही नाही. पण परक्याच्या घरी, पहिल्यांदा गेल्यावर, पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं? आमच्या घरात असं कुणी केलं असतं तर आईने घरी आल्यावर बघून घेतलं असतं. मी म्हटलं, नको नको, मी खाऊन आलेय. आता ती म्हणेल, अगं थोडं तरी घे. मग मी म्हणेन, बरं, अगदी थोडं. ती म्हणाली, ओके. आणि ताटली परत कपाटात ठेवली.

तासभर मी बाकीच्यांना जेवताना बघत बसले. पोटातला आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मध्येमध्ये खोकत होते.

मग त्यांनी एकेकाला खोली दाखवली. माझी पाळी आली. खिडकीबाहेर एक झाड, टेबल, पलंग, दाराला किल्ली. मला ती खोली फार हवीशी वाटली. त्या मुलीने सरळ विचारलं की तुला ही खोली हवी आहे का. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, खोली फार छान आहे, पण कुणाला जास्त गरज असेल तर त्यांना द्या, माझी हरकत नाही. बोलताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं. केवढी समजूतदार मुलगी, असं त्यांना वाटेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ब्रेडाच्या फलाटावर गाडी बदलताना निरोप आला. तुला भेटून आनंद झाला, पण तुला या खोलीत फारसा रस नाही असं आम्हाला जाणवलं, म्हणून जिला ती खरंच हवी होती तिला दिली. चांगल्या शब्दांत लिहिलं होतं, राग धरायलाही जागा नव्हती. मी तिथल्या बाकावर बसून रडले. बॅग पायाशी, वारा नाकातोंडात, आणि आजूबाजूचे लोक इतके सभ्य की कुणी बघितलंसुद्धा नाही. हूफडॉर्पकडे जाणारी गाडी माझ्यासमोरून गेली तरी मी बसूनच होते.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग माझं तोंड बघून शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "अगं, इथे एकदाच विचारतात. नको म्हटलं की त्यांच्या लेखी नको." मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मुलगी झाली तेव्हा शेजारच्या बाईंनी येऊन विचारलं होतं की रोज तासभर बाळाला सांभाळू का. वहिनी म्हणाल्या, नको हो, तुम्हाला कशाला त्रास. त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. दादा ऑफिसात, सासर-माहेर हजारो मैलांवर, आणि अख्खा हिवाळा वहिनींनी त्या बाईंची वाट बघत काढला. अजूनही पटकन हो म्हणायला जड जातं, म्हणाल्या. एवढं सांगून झालं आणि लगेच पुढे म्हणाल्या, "आणि तू कशाला काळजी करतेस? आईबाबा आले तरी सोफा आहे की. राहा तू." सोफ्यावर दादांच्या ऑफिसचं सामान आधीच रचून ठेवलेलं होतं, ती खोली आईबाबांसाठी रिकामी करायची म्हणून. मी बरं म्हटलं आणि ताटं उचलली.

शनिवारी सकाळी टिलबर्गमध्येच दुसऱ्या घरी खोली बघायला जायचं होतं. स्टेशनपासून अर्धा तास चालत, रांगेतल्या विटांच्या घरांपैकी एक. मी लवकर पोचले. दाराच्या पायरीवर आधीच एक मुलगी बसली होती, फोनवर बोलत. "हो गं आई, झालं की करते. हो, खाल्लंय." मला हसू आलं. तिने मान वर केली आणि तिलाही. ती लातूरची होती. माझ्याच विद्यापीठात, दुसऱ्या विभागात. आल्यापासून ती प्रवाशांच्या एका हॉस्टेलात, आठ जणींच्या खोलीत राहत होती, आणि तिथलं बुकिंग सोमवारी संपत होतं. पुढे काय, विचारल्यावर म्हणाली, बघू, होईल काहीतरी. डोळ्यांखाली काळं झालं होतं तिच्या. माझ्याही झालं असणार; मीही तिला माझा रोजचा चार तासांचा प्रवास सांगितला.

तिने पिशवीतून शंकरपाळ्यांचा डबा काढला. मी म्हटलं, नको गं. ती म्हणाली, घे गं, असं काय करतेस. मी म्हटलं, अगं तुलाच राहू दे. तिने माझा हात धरून त्यात मूठभर घातल्या. आम्ही दोघी पायरीवर बसून शंकरपाळ्या खात राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणाशी बोलताना वाक्य आधी मनात जुळवावं लागत नव्हतं. खूप बरं वाटलं, हे मला अजून आठवतं, आणि आठवलं की चैन पडत नाही.

पाच जणांना बोलावलं होतं, आलो आम्ही दोघीच. घरात तिघं राहत होते. त्यांनी आम्हाला एकदमच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. कॉफी घेणार का विचारलं, मी लगेच हो म्हटलं. ती नको म्हणाली. खोली माळ्यावरची होती, तिरक्या छताची, एका बाजूला उभंही राहता येत नव्हतं. पण नोंद करता येणार होती आणि आजपासून राहता येणार होतं. खाली आल्यावर त्यांच्यातली एक उंच मुलगी म्हणाली की तुम्ही दोघी आम्हाला आवडलात, मग सरळ विचारते, ही खोली तुमच्यापैकी कुणाला हवी आहे?

लातूरची मुलगी आधी बोलली. इंग्रजीत, मान खाली घालून. माझं होईल काहीतरी, म्हणाली, ही बिचारी रोज चार तास प्रवास करते, हिला द्या.

असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं.

त्या टेबलाशी पाच माणसं होती. तिच्या बोलण्याचा अर्थ त्यातल्या मला एकटीलाच कळला होता. आता मी म्हणायला हवं होतं, छे, हिचं तर सोमवारी बुकिंग संपतंय, हिलाच द्या. मग ती नाही म्हणाली असती, मग मी, आणि दोन-तीनदा असं झाल्यावर कुणाचं अडलंय ते आपोआप वर आलं असतं. आपल्याकडे गरज अशीच सांगतात. ती त्यासाठीच थांबली होती. घाई नव्हती तिच्या नजरेत, खात्री होती.

मी त्या उंच मुलीकडे वळले आणि म्हणाले, "हो. मला हवी आहे. मी आजच राहायला येते."

ओके, ती म्हणाली. सगळ्यांना मोकळं झाल्यासारखं वाटलं. कुणीतरी किल्ली आणायला गेलं.

लातूरची मुलगी खुर्ची मागे सरकवून उठली. मग हसली, आणि मराठीत म्हणाली, "बरं झालं गं. तुझं काम झालं." डबा पिशवीत घातला, पिशवीची चेन दोनदा ओढून बंद केली. मी तिला दारापर्यंत पोचवायला गेले. घर माझं झाल्यासारखी, उंबऱ्याच्या आत उभी राहून.

मी म्हटलं, "ये हं कधीतरी."

ती म्हणाली, "हो, नक्की."

फोन नंबर आम्ही दोघींनीही विचारला नाही.