आपांचा राहिलेला रोजा

आपा माणसाला पीपीई किट घालताना फारसं बघायच्या नाहीत. काढताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघायच्या. कोंबड्यांच्या शेडबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि आतून घामाघूम होऊन आलेल्या एकेकाला समोर उभं करायच्या. आधी वरचे हातमोजे, मग तो पांढरा झगा आतली बाजू बाहेर करत गुंडाळायचा, मग चष्मा, आणि मास्क सगळ्यात शेवटी. जरा घाई दिसली की आवाज यायचा, "थांब! घालाले काई लागत नाई, काढाले अक्कल लागते. मराची घाई हाये का तुले?" साहेब असो की मजूर, सगळ्यांना हीच बोलणी.

आपा आमच्या पथकाच्या प्रमुख. कागदावर त्या पशुधन विकास अधिकारी होत्या, पण शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणायचे. तेल्हाऱ्याकडच्या एका मुस्लीम शेतकरी घरातल्या; कपाशी आणि म्हशींत वाढलेल्या. मी वरूडची, संत्र्याच्या बागेतून थेट जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलेली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक गाय लाळ गाळत उभी होती. मालक म्हणाला, "मॅडम, घशात काईतरी अटकलं हाये." मी बाही वर सारून तिच्या तोंडात हात घालणार, तोच मनगटावर असा फटका बसला की बांगडी पिचली. "पिसाळली असंन तं? मोजे कुठी हायेत तुये?" आपा मागेच उभ्या होत्या. गाय पिसाळलेलीच निघाली. पुस्तकात मी हे दहादा वाचलं होतं, पण समोर तडफडणारं जनावर असलं की पुस्तक कुठलं आठवतं! पिचलेल्या बांगडीबद्दल आपांनी हळहळ तर दाखवली नाहीच, उलट "कामावर बांगड्या घालून येते काहून?" म्हणून आणखी ऐकवलं.

आमच्याकडे होळीच्या आधीपासूनच ऊन असं तापतं की किटमध्ये माणूस शिजून निघतो. म्हणून आपांचे दोन नियम होते. शेडमध्ये एकट्यानं जायचं नाही, जोडीनं जायचं. आणि प्रत्येक फेरीआधी त्यांच्यासमोर दोन पेले पाणी प्यायचं. "तहान नाई, आपा" असं कुणी म्हटलं, की "तहान कोण इचारली तुले? पी," एवढंच उत्तर मिळे. जोडीतल्यानं दुसऱ्यावर नजर ठेवायची. त्याचे पाय अडखळतात का, बोलणं तुटतं का. माझी जोडी बहुतेक वेळा आपांशीच असे. माझ्या नवऱ्यानं इतकं निरखून मला कधी पाहिलं नाही, असं मी एकदा म्हणाले. आपा म्हणाल्या, "त्याचं काई चुकत नाई. तू त्याच्यासमोर बेशुद्ध कुठी पडून राहिली?"

शेडमधली पाखरं, म्हणजे कोंबड्या, मारून खड्ड्यात पुरायचं काम कुणाच्या अंगवळणी पडत नाही. जिल्ह्यात बर्ड फ्लू आला की आम्ही ते करायचो, कारण नाही केलं तर शेजारची शेडं जातात आणि माणसांनाही धोका असतो. संध्याकाळी कुणाला घास उतरत नसे. आपा सगळ्यांना आंघोळ करून, कपडे बदलून, दूर एका कडुनिंबाखाली बसवायच्या आणि डबे उघडायला लावायच्या. एकदा एक दांडगा मजूर भाकरी हातात धरून हमसून हमसून रडला. बाकीचे हसायला लागले, तशा आपा त्यांच्यावर कडाडल्या. मग त्याला म्हणाल्या, "रड बापा, इथंच रड. घरी लेकराइजवळ हे घेऊन जाऊ नोको." अशा प्रत्येक कामानंतर दहा दिवस रोज सकाळी आम्हा सगळ्यांना त्यांचा फोन यायचा. सलाम नाही, नमस्कार नाही, "ताप?" एवढाच प्रश्न. तो फोन मला आजही सकाळी हवासा वाटतो.

एका वर्षी ही साथ नेमकी रमजानात आली. त्याच हिवाळ्यात आपांची अम्मी गेली होती. अम्मीच्या आठवणीत या वर्षी एकही रोजा चुकवायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला जीपमध्ये तसं सांगितलंही होतं. आत जायचं तर पाणी प्यावं लागणार, म्हणून त्या बाहेरच बसून काम बघत होत्या. पण त्या दिवशी माणसं कमी पडली. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि मी एकटी उरले. शेवटचं शेड बाकी होतं, पाखरं पटापट मरत होती, आणि काम उद्यावर टाकण्यासारखं नव्हतं.

मी म्हणाले, "आपा, मी एकटी जाते. तुम्ही बसा."

"अन् पडली तं उचलंन कोण?"

"मग पाणी न पिता चला. एका फेरीनं काय होतं?"

त्या पाण्याच्या कॅनकडे बघत राहिल्या. "पाणी न पिता चाललेल्या दोघाइले मी आत्ता दारातून परत बोलावलं. मले काहून सूट?" मग उठल्या, पेला भरला, माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही पेले संपवले. वळल्या तेव्हा डोळे भरले होते. म्हणाल्या, "रोजा मागून भरून देता येते. तुयं काई झालं तं तुया मायले मी काय भरून देऊ? चाल."

आत गेल्यावर थोड्या वेळानं माझ्या कानांत शिट्ट्या वाजायला लागल्या. मी चालत होते, पण म्हणे भिंतीकडे. आपांनी मला धरून बाहेर आणलं, सावलीत बसवलं आणि स्वतःच्या हातांनी माझं किट उतरवलं. तेवढ्या धांदलीतही मास्क शेवटीच काढला. मी ती रात्र सलाईनवर काढली. मी एकटी आत गेले असते तर आज हे लिहायला उरले नसते, एवढं मला नक्की कळतं.

काम आणखी दोन दिवस चाललं. माझ्या जागी आपा गेल्या, पाणी पिऊन गेल्या. असे तीन रोजे राहिले. त्यातले दोन त्यांनी पुढच्या थंडीत ठेवले. "दिवस लहान असते, मी काई येडी नाई," म्हणाल्या. तिसऱ्याच्या आधी हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी उपास बंद केले. निवृत्तीनंतर त्या अकोल्याला मुलीकडे राहायच्या. मी भेटायला गेले की म्हणायच्या, "एक रायला ना व माय." तुम्हीच तर तब्येत आधी म्हणता, असं मी म्हटलं की त्या हसायच्या. "म्हणून तं ठेवला नाई."

गेल्या पावसाळ्यात आपा गेल्या. मुलीनं त्या रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घातलं. त्यांच्यात तशी रीत आहे. तरी माझं मन मानेना. तो रोजा मी ठेवला तर चालेल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "चालते का नाई, मले नाई मालूम. पण सुट्टीच्या दिवशी ठेवा ताई. कामाच्या दिवशी ठेवला तं तुमच्या आपा माफ करणार नाईत."

मी रविवार धरला. पहाटे उठून खाल्लं. उन्हं चढत गेली तसा घसा कोरडा पडत गेला, आणि मला आपांची इतकी आठवण येत होती की त्या कोरडेपणाचंही बरं वाटत होतं. दुपारी फोन वाजला. तालुक्यातल्या एका शेडमध्ये पाखरं मरायला लागली होती, पथक निघालं होतं. आता प्रमुख मीच आहे. शेडबाहेर माझ्या जोडीला नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी होती, किट हातात धरून माझ्याकडे बघत उभी.

मी कॅनमधून पेला भरला आणि तिच्यासमोर प्यायले. मग दुसरा भरला, तोही प्यायले. आपा, तुमचा रोजा अजून राहिलाच आहे.