मास्तरांची डावी बाही

तर मास्तर त्या बाकावर बसले खरे, पण गुडघे काही बाकाखाली जाईनात, इथपर्यंत काल आलो होतो. बाक लहान मुलांच्या शाळेतला आणि मास्तर साठीला टेकलेले. शेवटी त्यांनी पाय बाहेर काढले, आडवे बसले आणि वर्षभर फळ्याकडे मान वळवून शिकले. मानेला ते वळण अजून आहे.

हे मास्तर शाळेतले नव्हेत बरं का. कपडे शिवणारे मास्तर. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, खिशात खडू. खडू बघूनच पहिल्या रविवारी घोटाळा झाला. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ते मास्तर आहेत." बाईंनी चटकन उठून खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आज मीच शिकवायचंय."

आता या वयात, रविवारची झोप मोडून, शिंगं मोडून वासरांत शिरायचं कारण काय? कारण कोपऱ्यावरचा घड्याळवाला आणि त्याची बायको.

दोघंही माणसं झकास. मास्तरांशी बोलताना तुमच्या-आमच्या भाषेत, अगदी गोड. कोट असो, शर्ट असो, शिवायला दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाहीत. पण मास्तरांनी खांद्याला टेप लावली रे लावली, की दोघांचं आपापसांत त्यांच्या भाषेत सुरू व्हायचं. मधूनच एक नजर आरशाकडे, एक मास्तरांकडे, आणि घड्याळवाली एक सुस्कारा सोडायची. जग माणसाच्या पाठीमागे बोलतं. हे दोघं तोंडासमोर उभे राहून पाठीमागे बोलायचे.

"घरातलं बोलत असतील," मास्तरीणबाई म्हणायच्या. दुकानात काजं आणि बटणं हे खातं त्यांचं. "भाजी कुठली न्यायची वगैरे."

"भाजीचं बोलताना माझ्याकडे कशाला बघतील? मी काय दुधी भोपळा आहे?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि सुईत दोरा ओवला.

"एकदा काय बोलतात ते कळू दे," मास्तर म्हणाले, "मग ऐकवतो चांगलं."

"आधी ऐकायला तर शिका. मग ऐकवा."

तर असं रविवारच्या वर्गात घड्याळवाल्यांची भाषा शिकणं सुरू झालं. पहिल्या पुस्तकात एक धडा स्टेशनचा, एक बाजाराचा आणि एक डॉक्टरचा. स्टेशन मास्तरांना कधी जमलंच नाही, गाडी दर वेळी चुकली. बाजारात ते भाव करायच्या ऐवजी भाव वाढवून यायचे. पण डॉक्टरच्या धड्यावर त्यांचा जीव जडला. खांदा, छाती, कंबर, हात, मनगट. सगळी शिंप्याचीच इस्टेट. डॉक्टर विचारतो, कुठे दुखतं? केव्हापासून दुखतं? रोगी म्हणतो, कालपासून, डॉक्टर. मशीन चालवताना मास्तर हेच घोकायचे. एक गिऱ्हाईक तर पँटचं माप न देताच निघून गेलं. त्याला वाटलं, मास्तरांची तब्येत बरी नाही.

अर्धं वर्ष सरलं आणि घड्याळवाल्यांच्या बोलण्यातले दोन शब्द हाताला लागले. एक 'हात' आणि दुसरा 'लांब'. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

"कळलं," ते म्हणाले. "हात आणि लांब. मी त्यांचं कापड लांबवतो म्हणतायत. चोर म्हणतायत मला."

आता हे मास्तर कसे, तर कापलेल्या चिंध्यासुद्धा पुडीत बांधून परत देणारे. लोक ती पुडी दाराबाहेर पडताच टाकून द्यायचे ते वेगळं. शिंपी म्हटला की कापडावर हात मारणार, या एका बोलाला ते जन्मभर भ्यालेले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "दोन शब्दांत कसली चोरी? अजून चार कळू द्यात." पण मास्तरांच्या मनात ते बसलं. आता भाषा शिकायची ती आपला प्रामाणिकपणा त्यांच्याच तोंडावर मारायला. ते बाह्या सरसावून क्रियापदांच्या मागे लागले.

वर्ष संपत आलं. घड्याळवाला शिवून झालेली पँट न्यायला आला. सोबत बायको, तिच्या हातात भली मोठी पिशवी. तो पँट घालून आरशासमोर उभा राहिला, मास्तर तोंडात टाचण्या धरून पायाशी बसले आणि वर नेहमीचं सुरू झालं. या वेळी मात्र शब्द सुटे सुटे खाली पडू लागले, डब्यातून बटणं सांडावीत तसे.

"पिशवी मागे धर," घड्याळवाला म्हणाला. "कापड दिसेल."

"मला बाई कसंतरीच होतं. मुलाच्या लग्नातला कोट, आणि आपण तो समोरच्याकडे टाकायचा?"

"इथे टाकला तर डावी बाही पुन्हा लांब येणार. मग समोर नेऊन आखूड करून घ्या. दर वेळी तेच. लग्नाच्या घाईत दोन दुकानं कोण करणार?"

"मग एकदा सांगून का टाकत नाहीस?"

"किती मन लावून शिवतो बिचारा. माझी जीभ उचलत नाही. तू सांग."

"मी नाही."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. त्या भाषेत हाताला आणि बाहीला एकच शब्द, हे पुस्तकात नव्हतं, ते मास्तरांना जमिनीवर बसल्या बसल्या कळलं. म्हणजे आपण चोर नाही! क्षणभर त्यांना हलकं वाटलं. दुसऱ्या क्षणी आठवलं, समोरचा.

समोरचा म्हणजे समोरचा शिंपी. मास्तरांच्या घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. रोज सकाळी दोन्ही हात जोडून विचारायचा, "मास्तर, काम काय म्हणतंय?" मग आपल्या दारात उभा राहून, मास्तरांच्या दुकानाकडे बघत, फोनवर त्याच्या घरच्या भाषेत तासभर हसायचा. काम काय म्हणतंय हे त्याला इतकी वर्षं पक्कं माहीत होतं, कोटाकोटानिशी! चोर ठरलो असतो तर परवडलं असतं, असं मास्तरांना वाटून गेलं.

आता काय करावं? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसलं तर अब्रू घरात राहते, पण कोट समोर जातो. बोललं तर यांची वर्षानुवर्षांची बोलणी आपण ऐकत होतो हे उघडं पडतं, आणि ही माणसं शरमेनं पुन्हा पायरी चढायची नाहीत. मास्तरांनी एकेक टाचणी तोंडातून काढली. वर्षभर जुळवून ठेवलेलं भाषण आठवायला गेले, तर सगळं पसार. जे घोकलं होतं तेवढंच तोंडातून आलं, तेही त्यांच्या भाषेत, डॉक्टरच्या गंभीर आवाजात:

"डावा हात केव्हापासून लांब आहे?"

मास्तरीणबाईंची सुई काजात थांबली. घड्याळवाल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. घड्याळवालीने मात्र, प्रश्नच तसा आला म्हणून असेल, रोग्यासारखं खाली बघत तिच्याच भाषेत उत्तर दिलं:

"पहिल्या कोटापासून, डॉक्टर."

मग तिने पिशवी पुढे आणली आणि कापायच्या टेबलावर ठेवली. घड्याळवाला मास्तरांच्या भाषेवर आला. "मास्तर, तुम्हाला हे... केव्हापासून?"

"पहिल्या पुस्तकापासून," मास्तर म्हणाले आणि टेप काढली.

त्या दिवशी माप घेताना दुकानात कुणी चकार शब्द काढला नाही. कोट झाला. डावी बाही मनगटाच्या हाडावर येऊन अशी थांबली, की घड्याळवाला हात वर-खाली करून बघतच राहिला. ती दोघं गेल्यावर मास्तर छाती काढून म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं," मास्तरीणबाईंनी दोरा दातांनी तोडला. "आज कुणी बोललं नाही ना. एरवी उजवी बाही मोजून होईपर्यंत त्यांच्या गप्पा रंगात येतात. डावीला आलात की तुमचा कान तिकडे आणि टेप भलतीकडे."

मास्तर स्टुलावर बसले. "म्हणजे ते बोलायचे म्हणून बाही लांब, आणि बाही लांब म्हणून ते बोलायचे?"

"आणि मध्ये तुमचे वर्षभराचे रविवार."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकता कुठे? तुम्ही ऐकायला शिकायला गेला होतात."

लग्न झालं. सून आली ती तिसरीच भाषा बोलणारी, आणि सासू-सासरे हौसेने तिच्याकडून धडे घेऊ लागले. एकदा शर्ट टाकायला आले, तर माप देताना दोघं त्याच भाषेत बोलायला लागले. एकाने एक शब्द टाकायचा, दुसऱ्याने छताकडे बघून त्याचा अर्थ लावायचा. सराव म्हणा, सावधपणा म्हणा. मधूनच एक नजर आरशाकडे, एक मास्तरांकडे. डाव्या खांद्यावरून टेप घसरली. मास्तरीणबाईंनी खाकरून ती जागेवर आणली.

शेवटच्या रविवारी वर्गात बाईंनी प्रत्येकाला उभं करून वर्षाचा हिशेब विचारला. एकजण म्हणाला, प्रवासाला जाईन. एकजण म्हणाला, बातम्या ऐकेन. मास्तरांची पाळी आली. बाकातून पाय सोडवून ते उभे राहिले. हा सगळा किस्सा त्यांनीच बाईंना मीठमसाला लावून सांगितलेला, त्यामुळे बाईंच्या ओठांवर हसू होतं.

"काय मास्तर, वर्षात काय मिळवलंत? आणि पुढच्या वर्षी काय, दुसरं पुस्तक, की त्या सुनेची भाषा? त्या भाषेचाही वर्ग खालच्या खोलीत सुरू होतोय."

मास्तरांनी गळ्यातली टेप दोन्ही टोकं जुळवून सारखी केली.

"मिळवलं एवढंच, बाई, की ते बाहीबद्दल बोलत होते आणि मी उगाच अंगाला लावून घेत होतो. म्हणून सुनेची भाषा नको, त्यांना सुखाने बोलू दे. पण समोरचा फोनवर कुठल्या भाषेत हसतो, तेवढी जरा चौकशी करून ठेवा. तिचा वर्ग निघाला तर पहिला बाक माझा, फक्त तेवढा मोठ्या माणसांचा आणा."