तारांकित प्रश्नाचं उत्तर

शासनाची तीन अंगं कोणती, या प्रश्नावर माझा एकही गुण कधी गेला नाही. धुळ्याच्या एका अभ्यासिकेत पत्र्याखाली दोन उन्हाळे घाम गाळून मी ते घोकलं होतं. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. आणि एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची, म्हणजे कुणी माजणार नाही. मला ही मांडणी मनापासून आवडायची. साक्रीकडच्या माझ्या गावात एकच माणूस सगळं ठरवायचा, त्यामुळे पुस्तकात तरी तिघं आहेत याचंच अप्रूप वाटायचं.

नोकरी लागली ती जळगाव जिल्ह्यात, केळीच्या एका तालुक्यात, तहसील कचेरीत. तालुक्याचं नाव सांगत नाही. अव्वल कारकुनापर्यंत पोचलो. हल्ली आमच्या पदाचं नाव बदललंय, टेबल मात्र तेच आहे.

बाहेरच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं, पण शेताची वाट कुणी अडवली तर त्याचा दावा तहसीलदारापुढेही चालतो. तेवढ्यापुरता तो न्यायाधीश. आमच्याकडे हे कोर्ट मंगळवारी भरायचं. खोली तीच, खुर्ची तीच; शिपाई खुर्चीवरचा टॉवेल तेवढा बदलायचा आणि दारात उभा राहून पुकारा करायचा. निकालाचा मसुदा मी करायचो. साहेब तो वाचून सही करायचे. वाचून करायचे, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे साहेब तेवढेही करत नसत.

अशाच एका मंगळवारी अक्का आल्या. साठीच्या पुढच्या. नवरा अर्धांगाने अंथरुणावर, एकुलती मुलगी सुरतेला दिलेली. तीन एकर केळीची बाग त्या एकट्या बघत होत्या. बागेत जायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून होती, आणि शेजाऱ्याने तिथे सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली होती. त्याला अक्कांचं शेत विकत हवं होतं. त्या देत नव्हत्या. बस, एवढंच भांडण. मी प्रमाण मराठीत प्रश्न विचारायचो, त्या अहिराणीत उत्तर द्यायच्या. एकदा माझ्याही तोंडून घरची बोली निसटली, तेव्हा त्या एकदम सैलावल्या. “तू ते आमनाच शे का रे, भाऊ?” तेव्हापासून कचेरीत आल्या की त्या साहेबांकडे न जाता माझ्याकडे यायच्या.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. जुन्या नकाशात वाट होती, साक्षीदार फुटले नाहीत. रस्ता सात दिवसांत मोकळा करावा, असा आदेश मी लिहिला, साहेबांनी सही केली. अक्कांनी तो कागद कपाळाला लावला. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण आदेश काही स्वतःच्या पायाने शेतात जात नाही. मंगळवारचे न्यायाधीश बुधवारी पुन्हा तहसीलदार होत. त्यांनी स्वतःचाच आदेश अमलात आणायला पोलीस बंदोबस्त मागायचा, पोलिसांनी माणसं नाहीत म्हणून कळवायचं, आणि त्या पत्राला आम्ही पुन्हा पत्र लिहायचं. शेजाऱ्याच्या अंगणात पुढाऱ्यांच्या गाड्या थांबत. साहेबांना फोन येत. मंगळवारी येत नसत, तेवढी लाज लोकांना होती, बुधवारी येत. सात दिवसांचे चार महिने झाले.

केळीला चार महिने कळत नाहीत. घड तयार झाला की तो हिरवा असतानाच कापावा लागतो, आणि ट्रक बांधापर्यंत यावा लागतो. व्यापाऱ्याची माणसं आली, तार बघून परत गेली. अक्कांनी दोन बायका लावून होतील तेवढे घड डोक्यावर वाहिले. बाकीचे झाडावरच पिवळे झाले आणि फुटले. पिकलेल्या केळीला व्यापारी हात लावत नाही. त्या हे सांगायला आल्या तेव्हा रडल्या नाहीत. “पुढला हंगामलोंग तरी वाट व्हई ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो कोण जाणे.

मग त्यांच्या माहेरच्या भाच्याने एका आमदाराला निवेदन दिलं, आणि अधिवेशनात शेतरस्त्यांवर तारांकित प्रश्न लागला. म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून ज्याचं उत्तर द्यायचं, तसला प्रश्न. त्यात अक्कांच्या गावाचा उल्लेख होता. मला खरंच वाटलं की आता काहीतरी होईल. न्याय देणाऱ्याने दिला, राबवणाऱ्याने राबवला नाही, तेव्हा कायदा करणारे जाब विचारतायत. पुस्तकात होतं अगदी तसंच चाललं होतं.

मंत्रालयातून तो प्रश्न एकेक पायरी उतरत आमच्या कचेरीत आला आणि माझ्या टेबलावर थांबला. उत्तर दुपारी तीनपर्यंत हवं होतं. साहेबांनी मंडळ अधिकाऱ्याला तातडीने शेतावर पिटाळलं. शेजारी हसत सामोरा आला, स्वतःच्या गड्याला सांगून त्याने तार सोडून दिली. फोटो निघाला, पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या. अडीचला मंडळ अधिकाऱ्याचा मला फोन आला. “भाऊसाहेब, फोटो झाला. पण हे लोक तार परत ओढतायत. काय करू?”

मी घड्याळाकडे बघितलं. म्हणालो, “तुम्ही निघा.”

मग मी टाइप केलं : आदेशाची अंमलबजावणी करून सदर रस्ता खुला करण्यात आला आहे. ते वाक्य पायऱ्या चढत वर गेलं आणि जसंच्या तसं सभागृहात वाचलं गेलं. आदेश माझ्या हातचा, तो अमलात आणल्याचा अहवाल माझ्या हातचा, आणि मंत्र्यांच्या तोंडचं उत्तरही माझ्याच हातचं. कुणी कुणावर नजर ठेवायची?

पंधरा दिवसांनी अक्का आल्या. भाच्याने ते उत्तर कुठून तरी मिळवून छापून दिलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि भाचा काय सांगतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी वाचून दाखवलं. आवाज कापू दिला नाही, याची मला आजही शरम वाटते.

“वाट मोकळी व्हयनी, असं लिखेल शे?”

“हो, अक्का.”

“मंग मी खोटं बोली राहिनू का?”

त्यांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग म्हणाल्या, “ज्यानी हाई लिखं, त्यानी मनी वाट देखी व्हती का?”

“नसेल पाहिली,” मी म्हणालो. आणि खरोखरच पाहिली नव्हती. कचेरीपासून मोटारसायकलवर अर्धा तास, पण मी कधी गेलो नव्हतो.

“मंग त्याना काय दोष, भाऊ? त्याले कोणी सांगेलच नही व्हई.” त्यांचा चेहरा निवळला. माणूस वाईट नाही, त्याला माहीत नाही, एवढाच उलगडा त्यांना हवा होता. “तू त्याले लिखी दे. म्हण, एक डाव ये. बांधवर बशीसन देख. मी च्या करसू.”

मी लिहिलं. चहाचं काही लिहिता आलं नाही. प्रत्यक्ष पाहणी व्हावी ही नम्र विनंती, असं लिहिलं आणि त्यांचा अंगठा घेतला. अर्ज मुंबईला गेला, महिनाभराने नियमानुसार कार्यवाहीसाठी खाली आला, आणि माझंच अक्षर माझ्यापुढे येऊन पडलं.

खरं लिहायचं तर मंत्र्यांनी सभागृहाला खोटं सांगितलं असा अर्थ निघत होता. मग हक्कभंग, चौकशी, निलंबन. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. ही सबब म्हणून सांगत नाही. घाबरलो होतो, एवढंच. साहेबही बदलून गेले होते. मी लिहिलं की रस्ता खुला असल्याचे सभागृहास यापूर्वीच अवगत करण्यात आले असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. नव्या साहेबांनी न वाचता सही केली.

त्यानंतर अक्का कचेरीत आल्या नाहीत. उन्हाळ्यात खरेदीखताची नोंद कचेरीत आली : तीन एकर, घेणार शेजारी. नवऱ्याला घेऊन त्या मुलीकडे सुरतेला गेल्याचं तलाठ्याकडून कळलं.

तेव्हा कुठे एका रविवारी मी तिकडे गेलो. तार नव्हती, खांबही नव्हते. मुरूम टाकून वाट चांगली ऐसपैस केली होती. आत नव्या लागवडीची रोपं उतरवायला एक ट्रक उभा होता. चालक मला पाहून जवळ आला. “मोजणीले उनात का, साहेब?”

“नाही. रस्ता बघायला आलो होतो.”

तो बुचकळ्यात पडला. “वाटले काय व्हयनं? वाट ते मोकळी शे.”

मी मान हलवली. मीही तेच लिहिलं होतं.