भाकरी खाणारं अस्वल

“मारू नको. येऊ दे जवळ.”

मंठ्याच्या बसस्टँडमागं टायपिंगचं जे दुकान होतं, तिथं ताईच्या तोंडून हे वाक्य न ऐकलेलं गिऱ्हाईक सापडायचं नाही. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर लांडगा दात विचकून धावत येत असायचा, बघणारे आपण खुर्ची मागं सरकवायचो, आणि ही बाई माउसवर हात ठेवून शांत.

ब्रॉडबँड तेव्हा आमच्याकडं नुकतंच आलं होतं. ताई लग्नपत्रिका, अर्ज, बॅनर टाइप करून द्यायची आणि दुकान रिकामं झालं की खेळायची. औरंगाबादच्या मामेभावानं तो खेळ सीडीवर भरून आणून दिला होता. जगभरची माणसं एकाच जंगलात, एकाच वेळी हिंडतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. ताई हंटर. हंटर म्हणजे शिकारी. पण हा शिकारी स्वतः कमी लढतो. तो एक जनावर पाळतो आणि ते जनावर त्याच्यासाठी लढतं. ताईनं अस्वल पाळलं होतं, तपकिरी, ढेरपोट्या.

मी संघटनेचा. आमची पत्रकं तिथंच टाइप व्हायची. लोडशेडिंग, टँकर, मुलींच्या एसटी पासचा घोळ. तो खेळ बघून माझं डोकं फिरायचं. इकडं बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या आणि एक शिकलेली बाई अस्वल सांभाळत बसली आहे. मी हे तिच्या तोंडावर बोललो.

“तुझं पत्रक वाचून टँकर आला का रे?” तिनं विचारलं.

“येईल.”

“मंग येईस्तोवर खेळू दे मला.”

माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन-तीन उद्गारचिन्हं असायची. ती टाइप करतानाच उडवून टाकायची. “ओरडून राह्यलास कशाला? वाचणारा समोरच तर हाये.” मी भांडायचो, ती एक परत टाकायची. एकच.

अस्वलच का, हे मी एकदा विचारलं. ताई अंड्याचं नाव काढलं तरी नाक मुरडणारी. खेळात वाघ-लांडगे नुसतं मांस खातात, आणि ते मालकानं आपल्या हातानं द्यावं लागतं. अस्वलाला काहीही चालतं. पाव, फळं, मध. ताईनं त्याला शेवटपर्यंत शाकाहारी ठेवलं. पाव द्यायची आणि त्याला भाकरी म्हणायची. वाघ-सिंह घेऊन हिंडणारे परदेशी खेळाडू तिला हसायचे. ती त्यांना इंग्रजीत नमस्कार करायची आणि पुढं जायची.

खायला दिलं नाही तर जनावर रुसतं. फार दिवस रुसलं तर निघून जातं ते जातंच, पुन्हा मिळत नाही. म्हणून लाईट असली की ती दिवसातून एकदा तरी आत जाऊन त्याला खायला घालायची. गिऱ्हाईक खोळंबलं तर म्हणायची, “एक मिनिट दादा, घरात उपाशी हाये एक.”

पाळायची रीतही अजब होती. रानातल्या जनावरासमोर उभं राहायचं आणि एक बटण दाबायचं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते. ती भरेपर्यंत जनावर तुमच्यावर तुटून पडतं, पंजे मारतं, चावतं. तुम्ही हलायचं नाही, बाण सोडायचा नाही. हललात की सगळं फिसकटलं. मी एकदा तिच्या खुर्चीवर बसून बघितलं. निम्मी पट्टी भरली, रानडुकरानं मला लोळवायला घेतलं, आणि मी सटासट बाण सोडले. डुक्कर मेलं.

“हे काय पाळलंस का पुरलंस?” ताई म्हणाली. मग तिनं मला एक योद्धा बनवून दिला. “हा तुझ्यासारखा हाये. दिसल त्याला मारतो आणि सारखा मरतो.”

आता दुकानाचं सांगायला पाहिजे. दुकान तिच्या थोरल्या भावाचं. ताई तीर्थपुरीला दिलेली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि घरात कुणी नीट विचारलं नाही. भावानं तिला दुकानात बसवलं, पण अटीवर. सासरची माणसं मानानं न्यायला आली की जायचं, तोवर बस. म्हणजे ती खुर्ची उसनी होती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. वहिनी जेवायला वाढताना मोठ्यानं बोलायची, “पाहुणे येऊन राह्यले म्हणं अक्षय्य तृतीया झाल्यावर.”

मला विचाराल तर त्या भावाच्या नावानं पत्रक काढायला हवं होतं. बहीण म्हणजे काय गहाण ठेवलेली वस्तू आहे, मालक आला की परत द्यायला? मी मजकूरसुद्धा लिहून नेला. ताईनं उभ्या उभ्या वाचला.

“चांगलं लिहिलंस. पण टाइप मीच करणार ना? एक ओळ ठेवणार न्हाई.”

“तुमच्यासाठीच लिहून राह्यलो, ताई.”

“माझ्यासाठी लिहितोस आणि नाव दादाचं टाकतोस. त्याला गावात राह्यचंय. मला पन.”

अक्षय्य तृतीया झाली. एका दुपारी जीप आली.

मी बाकावर बसलो होतो. ताई खेळात डोंगरावर होती, दोन लांडग्यांनी घेरलेली, अस्वल मधे उभं. आधी सासरे आत आले. पांढरी टोपी, मोठं माणूस. मागून नवरा. त्यांच्यामागं भाऊ, हात चोळत. ताई उठली नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, “बसा, मामा.”

सासऱ्यांनी पडद्याकडं बघितलं. “काय हाय हे?”

“अस्वल.”

“खातं काय?”

“भाकरी.”

सासरे हसले. भाऊ त्यांच्याहून जास्त हसला. ते हसू ऐकून मला वाटलं, आता सगळं ठरल्यासारखं झालं.

“चल मंग,” सासरे म्हणाले. “तुझी बॅग वहिनीनं जीपमधी ठिवली.”

“मी येत न्हाई, मामा.”

सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. मऊ बोलत राहिले. घराण्याचं नाव. भावाच्या जिवावर कितीक दिवस. पोराचं चुकलं असंल, माणूस हाये. गावात लोक विचारून राह्यले, आम्ही काय सांगावं. ताई ऐकत होती. पडद्यावर लांडगे अस्वलाला चावत होते.

मी उठलो. “त्या न्हाई म्हणल्या ना?”

“हे कोण?” सासऱ्यांनी विचारलं.

“पत्रकवाला,” भाऊ म्हणाला.

“मंग पत्रकं वाट की बाबा.”

दारात जमलेले चार जण हसले. भाऊ पुढं झाला. “ऊठ बाई. स्वतः आलेत ते. अजून किती मान पाहिजे?”

नवरा तिच्या उजव्या बाजूला जाऊन वाकला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. ताई तशीच बसलेली. त्यानं पुन्हा म्हटलं. मग ताठ उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “बघा. उत्तर तरी देती का. कान फुटलेत का हिचे?”

ताईनं मान वळवली.

“एकच फुटलाय. हा उजवा. तुम्ही फोडला त्या दिवसापासून.”

मला हे माहीत नव्हतं. भावाकडं बघितलं तर त्यालाही नव्हतं. इतके महिने एका घरात जेवत होती आणि कुठल्या कानानं ऐकते हे कुणी बघितलं नाही. नवऱ्यानं खाली वाकून कॉम्प्युटरची पिन उपसली आणि फेकली. पडदा काळा झाला.

ताई उठली नाही. काळ्या पडद्यासमोर, माउसवर हात ठेवून बसून राहिली. नवऱ्याकडं बघितलंही नाही. तो तिच्यामागं उभा होता आणि आता काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

मग भाऊ वाकला. टेबलाखाली गुडघ्यावर बसून त्यानं पिन शोधली आणि परत बसवली. उठून हात झटकत म्हणाला, “मामा, चहा घेऊन निघा. आज न्हाई जमायचं.”

“आज न्हाई तर कवा?”

भाऊ जीपकडं गेला आणि बॅग काढून आणली.

कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ लागला. ताईची हंटर डोंगरावर मरून पडली होती. तिला उठवलं, अस्वलाला हाक मारली. ते आलं, पण रुसलेलं. ताईनं पाव दिला. दोनदा तो चुकीच्या जागी पडला.

पुढं महिनाभरात तिनं जालन्याच्या एका प्रेसमध्ये काम धरलं आणि बायांच्या वसतिगृहात राहिली. एसटीत बसवायला भाऊ स्वतः गेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा संघटनेच्या कामानं जालन्यात होतो. प्रेसमध्ये विचारलं. ताई पुण्याला गेली म्हणाले, बरेच दिवस झाले, पत्ता न्हाई. समोर एक सायबर कॅफे होता. तिथं बसलो आणि ताईनं मला बनवून दिलेला योद्धा उघडला. माझ्या ओळखीच्यांच्या यादीत एकच नाव आहे, तिचं. ते राखाडी होतं, म्हणजे या घडीला ती खेळत नव्हती. नावापुढं लेव्हलचा आकडा असतो, खेळत राहावं तसा तो वाढत जातो. मंठ्यातून गेली तेव्हा होता त्याच्याहून तो खूप वर गेलेला होता.

मी नुसता त्या नावाकडं बघत बसलो. कॅफेवाला येऊन उभा राहिला. “भाऊ, खेळून तर काहीच न्हाई राह्यले तुम्ही.”

म्हटलं, “थांब जरा. आमची ताई यायचीये.”