धुराडं लावलेला ट्रक

माझी वहिनी यंजमा ट्रक चालवायची, आणि तिचा ट्रक कायम मागेच असायचा.

आमच्याकडे मुक्काम हलवताना घरातल्या वडीलधाऱ्याची गाडी पुढे जाते. वडीलधाऱ्याला ओलांडून कुणी जात नाही. घोडे होते तेव्हा नाही, उंट होते तेव्हा नाही, आणि चाकं आली म्हणून त्यात काही फरक पडला नाही. पुढचा ट्रक बाबांचा. तो माझा मधला भाऊ गोंगोर चालवायचा आणि बाबा शेजारी बसून हाताने वाट दाखवायचे. मागून वहिनीचा जुना रशियन ट्रक, सहकारी संघ मोडला तेव्हा वाटणीत आलेला. त्याच्या हौद्यात आमचं अख्खं गेर, म्हणजे नमद्यांचं गोल घर, घड्या घालून ठेवलेलं असायचं: नमदे, खांब, दार, चूल. केबिनमध्ये वहिनी, आई आणि मी. वहिनीचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ शागदर, घोडे आणि मेंढ्या घेऊन आधीच निघालेला असायचा.

मागच्याने पुढच्याची धूळ खायची, हे ओघानंच आलं. माणसं तोंडाला फडकं बांधतात. इंजिनाला कोण बांधणार?

एका शरदात शार तळ्याच्या मधोमध वहिनीचा ट्रक बंद पडला. तळं म्हणायचं ते नावापुरतं. पाणी कधीच आटलेलं, उरलीय ती पिठासारखी माती. इंजिनाने आधी खोकल्यासारखं केलं, मग धापा टाकल्या, मग गप्प. गेर आमच्याकडे आणि आम्ही तळ्यात. शागदर पलीकडे जनावरांबरोबर उघड्यावर राहिला, आम्ही अलीकडे केबिनमध्ये कुडकुडत. दुसऱ्या दिवशी कसेबसे पलीकडे पोचलो तेव्हा बाबा चहाची वाटी खाली ठेवत म्हणाले, "पुन्हा बंद पडला तर विकून टाकू. उंट घेऊ. उंटाला धाप लागली तरी तो चालतो."

वहिनीने दुधाच्या भांड्यावर झाकण जरा जोरात ठेवलं.

ट्रक गेला असता तर तिचं काय गेलं असतं हे मला ठाऊक होतं. घरात वावरताना तिचे खांदे नेहमी थोडे वर ओढलेले असायचे, कुणीतरी आत्ता हाक मारील अशा तयारीने. स्टिअरिंगपाशी बसली की ते खाली यायचे. गियर टाकताना ती गुणगुणायची, आणि गुणगुणतेय हे तिला कळायचंही नाही.

उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघी विहिरीवर उंटांना पाणी पाजत होतो. ती एकाएकी थांबली.

"अगं, हा बघ. याला धूळ का लागत नाही?"

"नाकपुड्या मिटतो."

"ते आहेच. पण नाक कुठे आहे बघ ना! किती वर! आणि माझं इंजिन मेंढीसारखं जमिनीला नाक लावून श्वास घेतंय." तिने हातातली बादली तशीच सोडून दिली. "मला नळी हवी. लांब."

नळी तालुक्याच्या गावी मिळणार होती, भंगारवाल्या म्हाताऱ्याकडे. तिथे वेगळीच अडचण. बाबांचं नाव तुमुर, म्हणजे लोखंड, आणि सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. वहिनी म्हणाली, "आजोबा, एक धुराडं हवंय. काळं. कठीण. ठोकलं की वाजतं त्याचं."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "लाकडाचं देऊ?"

"लाकूड नाही हो. ते दुसरं. गंजतं ते."

"नवरा?"

मी हसून हसून तिथेच बसले. वहिनी लाल झाली, पण धुराडं घेऊनच निघाली.

मग सुरू झालं ते काम. बॉनेटच्या बाजूला तिने छिन्नीने भोक पाडलं. हवा गाळायच्या डब्याच्या तोंडाला धुराड्याचा एक तुकडा जोडला, तो बाहेर काढला आणि केबिनच्या कडेने टपाच्याही वर नेला. मधे दुधाचा एक जुना कॅन बसवला. हवा त्यात तिरकी शिरावी, गोल गोल फिरावी, जड धूळ कडेला फेकली जाऊन खाली पडावी आणि स्वच्छ हवा मधल्या नळीने पुढे जावी, असा तिचा बेत. लहानपणी वडिलांच्या संघातल्या ट्रॅक्टरवर तिने असलं काहीतरी पाहिलं होतं. कॅनच्या बुडाला लोणच्याची काचेची बरणी लावली, धूळ किती पडते ते दिसावं म्हणून. सगळ्यात वर किटलीचं झाकण.

गोंगोरला तर सणच आला. येता-जाता विचारायचा, "वहिनी, चहा उकळला का?"

"उकळला. तू वाटी घेऊन बॉनेटखाली बस."

"धूर कुठाय पण?"

"तुझ्या डोक्यात."

बसवून झाल्यावर तिने मेंढ्यांच्या वाड्याभोवती, जिथे सगळ्यात जास्त माती उडते तिथे, ट्रकच्या चकरा मारल्या. इंजिनाचा आवाजच बदलला होता. भरून, खालून येणारा. ती खिडकीतून डोकं काढून ओरडली, "ऐकतेस ना? श्वास घेतंय बघ!" मग उतरून तिने गाळणीचा डबा उघडला. धूळ धरायला आत घातलेल्या तेलाचा चिखल झालेला. पूर्वीपेक्षा जास्तच.

ती चाकाला टेकून खाली बसली. हवा वरून येत होती, बरणीत धूळ पडत होती, तरी आत माती कशी?

"कुठूनतरी चोरून पितोय," ती हळूच म्हणाली. "सांध्यातून." पण सांधे तर चांगले आवळलेले दिसत होते. ती उठली, गेरमध्ये गेली आणि देवापुढची धुपाटणी घेऊन आली. त्यात आर्त्स, डोंगरावरच्या जुनिपर झुडपाची सुगंधी पानं, जळत होती. इंजिन सुरू करून ती धुपाटणी एकेका सांध्याजवळ धरू लागली. धूर सरळ वर जात होता. दुसऱ्या सांध्यापाशीही सरळ. चाकाजवळच्या सांध्यापाशी मात्र तो वाकला, बारीक दोरीसारखा झाला आणि लोखंडात दिसेनासा झाला.

"सापडला!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

आई बाहेर आली ती हात जोडूनच. सुनेला एवढ्या वर्षांनी ट्रकला धूप घालायची बुद्धी झाली, म्हणून तिचा चेहरा उजळला होता. तिने मंत्र पुटपुटत ट्रकला प्रदक्षिणा घातली. वहिनीने मान खाली घालून धुपाटणी आणखी एकदा फिरवली. तेवढ्यात दुसरी गळतीही सापडली. मग जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, ताणून, तारेने करकचून आवळल्या. पुढच्या खेपेला डबा उघडला तेव्हा आतलं तेल मधासारखं नितळ होतं.

पुढच्या शरदात निघालो तेव्हा वारा पाठीमागून होता. अंगाला तो बरा वाटतो, पण तळ्यात शिरल्यावर त्याचं खरं रूप कळलं. बाबांच्या ट्रकची धूळ मागे जाईना. वारा तिला ट्रकबरोबरच पुढे ढकलत होता. त्यांचा ट्रक स्वतःच्याच ढगात चालला होता आणि आम्ही त्या ढगाच्या शेपटाला. वाट एकाच गाडीच्या रुंदीची. दोन्ही बाजूंना मिठाचा पांढरा पापुद्रा, वरून कोरडा, खाली चिखल.

वहिनीचा एक डोळा समोर, एक बरणीवर. बरणीत माती चढत होती. इंजिन एका लयीत.

"चल," ती म्हणत होती. "चल, राजा."

मग पुढचे लाल दिवे एकाएकी जवळ आले. तिने ब्रेक मारला. बाबांचा ट्रक उभा होता.

गोंगोर उतरून बॉनेट उघडायला गेला. बाबा खेकसले, "उघडू नकोस! या वाऱ्यात उघडलंस तर उरलेली मातीही आत जाईल." पश्चिमेला आभाळ काळं होत आलं होतं, आणि पलीकडे शागदर जनावरांजवळ एकटा, डोक्यावर छप्पर नाही.

बाबा फडकं तोंडाशी धरून आमच्यापाशी आले. बॉनेटवर तळवा ठेवला.

"चालू आहे?"

"चालू आहे, बाबा."

"धापतोय?"

"नाही, बाबा."

गोंगोर मागून ओरडला, "दोर बांधून टोचन करायचं तर वहिनीला पुढे यावं लागेल!" आणि मग त्याचं त्यालाच कळलं, तो काय बोलला. आई मांडीकडे बघू लागली. वहिनीचे हात स्टिअरिंगवर तसेच. बाबांना ओलांडून जायचं, हे ती मागणार नव्हती. आणि कुणी विचारलं असतं तरी 'हो' म्हणाली नसती.

बाबांनी दार उघडलं. "सरका."

आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर सरकलो. ते खिडकीपाशी बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, दार ओढून घेतलं.

"मी बसलोय ती गाडी पुढची," ते म्हणाले. "तो मागे राहिलाय. त्याच्या बाजूने काढ."

वहिनीने क्षणभर डोळे मिटले आणि गियर टाकला. पापुद्रा पहिल्याच चाकाखाली काचेसारखा फुटला. ट्रक एका अंगाला कलला, मागचं चाक चिखलात भिरभिरलं, आई देवाचं नाव घेऊ लागली. वहिनीने पाय उचलला नाही. दाबला. डोक्यावरचं धुराडं गरजलं, वाऱ्यालाही मागे टाकणारा तो आवाज, घोडा शर्यतीत छाती भरून घेतो तसा, आणि मला वाटलं की इंजिनाबरोबर आम्हीही सगळे श्वास ओढतोय. चिखल खिडकीवर उडाला. गोंगोर हात हलवत काहीतरी ओरडत होता. मग चाकाला टणक जमीन लागली, ट्रक एक उडी घेऊन वाटेवर आला, आणि बाबांच्या तोंडून निघालं, "हो!" ते असं फक्त घोड्यांसाठी ओरडायचे.

तारदोर बांधला. खालच्या गियरमध्ये, दोन ट्रकांचं ओझं ओढत, आम्ही चालत राहिलो. बाबा मान वळवून काचेतून बरणीकडे बघत होते. ती काठोकाठ भरत आली होती.

"हे सगळं आत गेलं असतं?"

"मागच्या वर्षी गेलं होतं," वहिनी म्हणाली.

"धूप घातला होता ना यंदा," आई म्हणाली.

तळ्याचा काठ चढून खडकाळ जमिनीवर आलो तेव्हा वारा पडला होता. गोंगोरने खडकाच्या आडोशाला गाळणी धुतली, नवं तेल घातलं, आणि त्याचा ट्रक सुरू झाला तसा तारदोर सोडला. तो आमच्या खिडकीपाशी आला. भुवया, पापण्या, मिशा, सगळं मातीचं.

"चला, बाबा. झालाय."

बाबा जागचे हलले नाहीत. "तू ये मागून."

"मागून? म्हणजे धूळ मी खायची?"

"वहिनीकडून धुराडं बसवून घे. तोवर खा."

वहिनीने ट्रक पुढे काढला. चढ संपला आणि समोर पठार उघडलं. थोड्याच अंतरावर तिने वेग इतका कमी केला की गोंगोरने मागून हॉर्न मारला.

"का थांबतेस?" बाबांनी विचारलं. "बिघडलं काही?"

"नाही, बाबा." ती काचेतून पुढे बघत होती. लग्न झाल्यापासून ती दरवर्षी याच वाटेने, पुढच्या गाडीच्या धुळीतून, येत होती. "रस्ता दिसतोय."