एका ग्लासात अर्धा चमचा मीठ

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ट्यूटरबाई चौथीच्या वर्गात टेबलावर साखर, मीठ, चमचे, लिटरची बाटली आणि एक ग्लास मांडत होत्या. त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवतात आणि त्या मुली शाळाशाळांतून पोरांना आरोग्याचे धडे देतात. मुलींनी बाईंचं नाव ‘थर्मामीटर’ ठेवलंय. त्या असल्या की कुणाला तोंड उघडता येत नाही.

धडा झाल्यावर काही दिवसांनी बाई त्या वर्गावर परत जातात. पोरांना विचारत काही नाहीत, करून दाखवायला लावतात.

सोमवारचा धडा दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने दिला होता: जुलाब लागले तर साखर-मिठाचं पाणी कसं करायचं. ही मुलगी इतकी बोलते की होस्टेलवर तिला ‘रेडिओ’ म्हणतात. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे तिने पोरांकडून घोकून घेतलं होतं. बाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी तिला दहापैकी नऊ गुण दिले होते.

पहिला मुलगा पुढे आला. बाटलीकडे न बघता त्याने ग्लास भरला, त्यात सहा चमचे साखर घातली, अर्धा चमचा मीठ घातलं. त्याच्यानंतरच्या मुलीनेही तेच केलं. बाईंनी चमचाभर पाणी तोंडात घेतलं आणि खिडकीबाहेर थुंकलं.

“मी लिटर म्हणाले होते, मॅडम,” बाईंसोबत आलेली रेडिओ म्हणाली.

“दाखवलंस कशात?”

तिने टेबलावरच्या ग्लासकडे बोट केलं. मोठं भांडं वागवायचा कंटाळा म्हणून तिने ग्लास नेला होता आणि हाच लिटर समजा असं पोरांना सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ग्लासात लिटरचा पाचवा हिस्साच मावत होता, म्हणजे मीठ पाचपट झालं होतं. तान्ह्या बाळाला ते पाजलं तर मेंदूतलं पाणी ओढलं जातं. बाळ आधी किरकिरतं, मग झटके येतात.

घरी कुणी करून पाहिलं का, असं बाईंनी आवाज न चढवता विचारलं. एकच हात वर आला, वर्गाच्या मॉनिटरचा. शाबासकी मिळणार अशा थाटात ती उभी राहिली.

“मी. आमच्या बाळाला जुलाब होतायत ना. आईला येत नव्हतं, मीच शिकवलं. कालपासून तेच पाजतोय.”

“किती प्यायलं?”

“खूप. सारखी तहान लागते त्याला. आई म्हणते, गुण येतोय.”

घर शाळेमागच्या गल्लीत, पंक्चरच्या दुकानावर होतं. मॉनिटर पुढे उड्या मारत होती. तिच्यामागे बाई आणि रेडिओ भराभर चालत होत्या.

पोरीने वर्गात काहीतरी उपद्व्याप केला असणार, असंच आईला वाटलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. ओठ कोरडे, रडणं बारीक आणि टोकदार. बाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरली. ती मळलेल्या कणकेसारखी लागली.

“हे पाणी बंद. अंगावर पाजत राहा. आत्ता दवाखान्यात जायचंय.”

“अहो, पण शाळेतूनच सांगितलंय.”

“शाळेत आम्हीच चुकीचं दाखवलं.”

दवाखान्यात तपासलं तेव्हा बाळाच्या रक्तात मीठ फार वाढलेलं निघालं. ते हळूहळूच उतरवावं लागेल, घाई केली तर त्यानेही झटके येतात, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर मॉनिटरने विचारलं, तिच्याकडून मीठ जास्त पडलं का. नाही, दाखवलं तेवढंच पडलं, असं बाई म्हणाल्या. बाळ बरं होईल ना, असं तिने विचारल्यावर, डॉक्टरांना अजून सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

मग रेडिओ बोलली.

“मॅडम, मंगळवारी पुलापलीकडच्या शाळेतही मीच धडा दिला. तसाच.”

ती शाळा सुटून गेली होती. बाईंनी मुख्याध्यापकांना फोन लावला. ज्यांचे नंबर होते त्या घरांना ते लगेच कळवणार होते. बऱ्याच घरांचे नव्हते.

बाळाचं रक्त उद्या सकाळी सहाला पुन्हा तपासायचं आहे. पुलापलीकडची शाळा साडेसातला भरते.