अंधारात कापलेली पानं

कलकत्त्यातली एक शनिवारची संध्याकाळ आठवली की आजही अंगावर काटा येतो... सत्तरचं दशक होतं, मी कॉलेजात होते. बाबा गार्डन रीचला रेल्वेत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी बागबाजारला मराठी मंडळाचं छोटंसं वाचनालय सांभाळायचे.

त्या दिवशी तिथे सभा होती. महाराष्ट्रातल्या एका दिवंगत पुढाऱ्याचं आत्मचरित्र वाचनालयात ठेवायचं की परत करायचं, हे ठरणार होतं. पुस्तक भेट दिलं होतं त्यांच्या धाकट्या बहिणीने, आमच्या कुसुममावशीने. लग्न होऊन ती कायमची इथलीच झाली होती. भावाची तेवढीच एक आठवण चार मराठी माणसांत राहावी, एवढंच तिचं म्हणणं. मागच्या रांगेत ती माझा हात घट्ट धरून बसली होती.

मंडळातल्या देवलकाकांचा राग, तो माणूस त्यांचा पक्ष सोडून गेला म्हणून. आपटेकाकांचा राग, तो त्यांच्या पक्षात आला म्हणून! एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे त्या दिवशी अगदी गळ्यात गळे घालून बोलत होते. पानापानावर थापा मारल्यात म्हणे...

आता पानांचं सांगते. तेव्हा काही पुस्तकं पानं जोडलेलीच यायची, वाचणाऱ्याने ती सुरीने कापून घ्यायची. हे पुस्तक समोर टेबलावर होतं आणि सभेआधी मी स्वतः बघितलं होतं... एकही पान कापलेलं नव्हतं.

हात वर करून मत द्या, असं देवलकाका म्हणाले आणि नेमके दिवे गेले. लोडशेडिंगची सवय होती, कुणी जागचं हललं नाही. बाबा कंदील आणायला आत गेले.

आणि तो आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... सुरीने कागद कापल्याचा, सावकाश, एकेक पान. आपटेकाकांनी दोनदा कोण आहे म्हणून विचारलं, तरी तो थांबला नाही. मावशीचा हात माझ्या हातात गार पडत गेला.

कंदील आला. टेबलाजवळ कुणीच नव्हतं. पुस्तक जागच्या जागी... पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं कापून सुटी झालेली. वाचनालयाची एकुलती एक सुरी बाबांच्या कपाटात कुलपाआड होती.

मग देवलकाका पुस्तकाकडे न बघता पुटपुटले, "आधी वाचून घेऊ." मत कधी घेतलंच गेलं नाही, पुस्तक तिथेच राहिलं.

मावशी उठून टेबलाशी गेली. पानांच्या कडांवरून तिने हात फिरवला. "माझी पुस्तकं दादाच कापून द्यायचा," ती हळूच म्हणाली. "म्हणायचा, तू फक्त वाच."

हल्ली न वाचलेल्या पुस्तकांवरून फेसबुकवर चाललेली हाणामारी बघते, तेव्हा मी फोन बाजूला ठेवते आणि नकळत त्या खर्र आवाजासाठी कान देते... पानं कापणाऱ्या त्या हातांचे मनापासून आभार. ते कुणाचे होते, हे मात्र मी आजही विचारत नाही.